बंदरावरची हजेरी

वर्गात पाऊल टाकण्याआधी सर व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडं बघायचे. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग दाराच्या चौकटीवर खडू दोनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "बंदर उघडलं. गाठोड्यात काय आणलंय?"

आम्हाला आधी वाटायचं, प्राचार्य येत नाहीत ना हे बघतात. तुम्हीही असं कुणीतरी पाहिलं असेल, जे कुठंही शिरताना आधी बाहेर जायची वाट बघून ठेवतं. सर तसे होते. मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळं कुठल्या माणसाबद्दल किती लिहायचं असतं याचा मला अंदाज नाही. जेवढं पाहिलं तेवढं लिहितो.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढं येईल.

औरंगपुऱ्याजवळच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचंच मानधन, आणि दर वर्षी जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून अर्ज. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. त्या पेपरात आख्खी अमेरिका होती, पण सरांचा जीव एकाच शहरावर. न्यू ऑर्लिन्स. फळ्यावर ते आधी नदी काढायचे, विळ्यासारखी वळलेली, आणि त्या विळ्याच्या पोटात शहर. पिशवीत एक नकाशाही असायचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. ते शहर त्यांनी पाहिलं नव्हतं. "मी भित्रा माणूस आहे," ते सांगायचे. "विमानात कोण बसणार? मुंबईचा समुद्र एकदा बघितला, तोही लांबूनच."

भित्रा माणूस आहे, हे ते दिवसातून कितीदा म्हणायचे याला हिशोब नव्हता. ते कुत्र्याला भ्यायचे. ऑफिसातल्या बड्या बाबूंना एकाच भेटीत दोनदा नमस्कार करायचे. रस्ता ओलांडायचा झाला तर जवळच्या विद्यार्थ्याची बाही चिमटीत धरायचे आणि पलीकडं पोचल्यावर "थँक्यू बरं का" म्हणून सोडायचे. पोरं हसायची. मी हसायचो नाही, कारण मला स्वतःलाच हजेरीची भीती वाटायची.

ही भीती कशी असते ते सांगतो. हजेरीत आधी आडनाव घेतात. आडनाव घेतलं की वर्गातल्या काही माना वळतात. कोण आहे, कुठला आहे, कुणातला आहे. मान वळते, परत सरळ होते, एवढंच. कुणी काही बोलत नाही. पण "हजर" म्हणताना माझा आवाज घशातच राहायचा. गेली दोन वर्षं मी भिंतीकडच्या बाकावर बसून तो शब्द गिळत होतो.

सरांनी पहिल्याच तासाला हजेरीपट बंद करून ठेवला. म्हणाले, ऑफिससाठी मी नंतर भरीन, चेहरे ओळखून. इथं बंदरावरची हजेरी होईल. मग त्यांनी प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला, त्या शहराच्या धक्क्यावर कधी ना कधी उतरलेला. नाव काय, कुठून आलात, गाठोड्यात काय, एवढंच सांगायचं. सांगून झालं की शेजाऱ्याकडं वळून विचारायचं, "आणि तुमचं?"

मला आयर्लंडचा पॅट्रिक मिळाला, कालवा खोदणारा. दलदलीत उभं राहून ती माणसं खोदायची आणि तापानं मरायची. त्यांना का लावलं, तर गुलाम मेला की मालकाचं नुकसान होतं आणि हे मेले की कुणाचंच होत नव्हतं. हे सर सांगत होते तेव्हा मला माझे वडील दिसले. वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर लागण्याआधी ते रस्त्याकडंनं केबलच्या नाल्या खोदायचे. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मी मोठ्यानं बोललो. "पॅट्रिक. आयर्लंडहून. गाठोड्यात फावडं." एकही मान माझ्याकडं कोण आहे म्हणून वळली नाही. वळल्या त्या फावड्याला हसायला.

माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी सिसिलीची लुचिया झाली. तिच्या गाठोड्यात संत्री. कुणी सांतो डोमिंगोच्या बेटावरची यादवी सोडून पळालेलं, कुणी व्हिएतनामचा कोळी. मी आजही त्या सगळ्यांना त्याच नावांनी हाक मारतो, इथंही तसंच लिहितो.

हजेरीत पहिला नंबर मात्र रिकामा असायचा. सर पुन्हा चौकटीवर खडू ठोकायचे आणि थांबायचे. सगळा वर्ग गप्प. पंख्याचा आवाज यायचा. ही जागा, त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, साखळदंडात आणलेल्यांची. ते उतरले नाहीत, त्यांना उतरवलं. त्यांची स्वतःची नावं काढून घेतली आणि मालकाची चढवली. तेव्हा त्यांची हजेरी होईल, उत्तर येणार नाही. त्या शांततेत मला दर वेळी वाटायचं, आता कुणीतरी बोलेल.

एकदा लुचियानं विचारलं, "सर, तुम्ही कोण मग?"

सर खूश झाले. ते हुगळीचे फेरीवाले होते. बंगालातल्या हुगळीकडून काही माणसं भरतकामाचं कापड पाठीवर घेऊन फार पूर्वी तिथं पोचली होती, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहिली, तिथंच त्यांची लग्नं झाली. माणसं मोजायला सरकारी माणूस आला की कुणी त्यांना गोरं लिही, कुणी काळं, कुणी आणखी काही. "माझे वडीलही आठवडी बाजारात चादरी विकायचे," सर म्हणाले. "प्रत्येक गावात लोक आधी गाठोड्याकडं बघायचे, मग आमच्याकडं. आधी गाठोडं बघायचे तोवर बरं चालायचं."

त्यांचं आडनाव आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. सही म्हणजे एक वेलांटी. शहराचं नावही ते घ्यायचे नाहीत. आपल्या शहराचं नाव कोण कसं घेतं यावरून माणूस ओळखायची सवय आपल्याला लागली आहे, तुम्हाला माहीतच आहे. सर नुसतं 'शहर' म्हणायचे. कधी कधी बोलता बोलता ते न्यू ऑर्लिन्सबद्दल सांगतायत की इथलं, कळायचं नाही.

"ते शहर नदीच्या पाण्याहून खाली वसलंय," ते म्हणायचे. "बांध आहे म्हणून आहे. खाली माणसं भाजी घेतात, भांडतात, नाचतात, आणि डोक्यावर नदी. एकदा बांध फुटले. आधी कुणाची घरं बुडाली, तर जी सगळ्यात खाली होती त्यांची." मग फळ्यावरचा बांध बोटानं थोडा पुसायचे आणि आमच्याकडं बघायचे. मला त्या वेळी भीती वाटायची, पण ती परीक्षेसारखी, पुस्तकातली भीती होती.

मग तो दिवस आला.

दुपारचा तास चालू होता. खाली रस्त्यावर एक शटर पडलं. मग दुसरं. मग गुलमंडीच्या बाजाराकडून एकामागून एक पडत आली, जवळ जवळ येत. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना मी काय सांगायचं. पोरांनी मोबाईल काढले तर नेट बंद. शिपाई सांगत आला की कॉलेज सोडलंय, घरी जा. काय झालं, कुठं झालं, कुणी म्हणालं दगडफेक, कुणी म्हणालं त्याहून वाईट. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळं सगळंच खरं वाटत होतं.

सरांच्या हातातला खडू तुटला. त्यांनी दोन्ही तुकडे पिशवीत टाकले. फळ्याकडं बघत, जणू कुणालाच नाही अशा आवाजात म्हणाले, "बांधाला भेग पडली."

वर्ग रिकामा झाला. लुचियाला घ्यायला तिचे वडील येणार होते, पण फोन लागत नव्हता. तिचं घर जुन्या गल्ल्यांत, चालत जाण्यासारखं. मला वाळूजला जायचं होतं, पण बस बंद होत्या आणि रिक्षावाले थांबत नव्हते. सर दारात उभे राहून व्हरांड्याची दोन्ही टोकं बघत होते. मला वाटलं, हे आता आम्हाला सांगतील, जपून जा, आणि निघतील. त्यांनी तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

ते म्हणाले, "मला एकट्याला फार भीती वाटतेय. तुम्ही दोघं मला सोबत करता का? आधी हिच्या घरापर्यंत जाऊ. तिथून माझं मी बघीन."

लुचियानं माझ्याकडं बघितलं. सोबत कोण कुणाला करतंय, हे तिघांनाही कळत होतं. आम्ही निघालो. सरांनी माझी बाही चिमटीत धरली होती, रस्ता ओलांडायचा नसतानाही.

नेहमी पाय ठेवायला जागा नसते ते रस्ते मोकळे होते. एक चप्पल पडलेली. एका गाड्यावर कापलेलं टरबूज तसंच, त्यावर माश्या. वरच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या आणि आम्ही वर पाहिलं की खिडकी लागायची. सर हळू आवाजात सांगत होते, पळू नका, पळणाऱ्याच्या मागं माणसं लागतात. मला चालता येत नव्हतं.

लुचियाच्या घराच्या अलीकडच्या गल्लीत काही जण उभे होते. एकाच्या हातात बॅट होती. मला आधी वाटलं, क्रिकेट खेळतायत. मग दिसलं की चेंडू नाही.

ते कोणत्या बाजूचे होते, हे मी लिहीत नाही. बोलण्यावरून ओळखायचं म्हटलं तर आमच्या जुन्या शहरात सगळेच अर्धं मराठी अर्धं दखनी बोलतात. एवढंच सांगतो की लुचियाचं खरं नाव त्या गल्लीत चाललं असतं. तिनं सगळ्या पोरींसारखा उन्हाचा स्कार्फ तोंडाला बांधला होता, म्हणून तिला कुणी ओळखलं नाही. माझं नाव चाललं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. माझं नाव दोन्हीकडं नेहमी थोडं कमीच पडतं. सरांचं मला माहीत नव्हतं. पण बाहीवरची त्यांची चिमूट अशी घट्ट झाली की मला कळलं.

बॅटवाला पुढं आला. कुठं निघालात, कोण तुम्ही, असं विचारलं. सर म्हणाले, पोरीला घरी सोडायला. त्यानं माझ्याकडं बॅट केली.

"तू आधी. नाव काय?"

माझं तोंड उघडलं. गेले कित्येक महिने या प्रश्नाला माझ्या तोंडातून एकच उत्तर गेलं होतं, तेच गेलं.

"पॅट्रिक. आयर्लंडहून. गाठोड्यात फावडं."

मागून एक जण हसला. "येडं झालं भिऊन," तो म्हणाला. मला स्वतःचा आवाज ऐकू आल्यावर घाम फुटला. आणि पुढचं तर भयंकरच, माझी मान आपोआप शेजारी वळली, पण "आणि तुमचं?" हे शब्द फुटले नाहीत.

लुचिया जमिनीकडं बघत म्हणाली, "लुचिया. सिसिलीहून. संत्री."

"आमची मस्करी करताय व्हय?" बॅटवाल्याचा आवाज चढला.

सरांनी माझी बाही सोडली आणि आमच्या पुढं झाले. "मस्करी नाही. माझ्या वर्गातली लेकरं आहेत. मी त्यांना ही नावं दिलीत. भीतीनं तीच निघाली."

"मग खरी सांगा म्हणा."

"माझं सांगतो," सर म्हणाले. "मी आणलंय त्यांना. माझं घ्या, आणि यांना जाऊ द्या."

आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. त्या गल्लीत घ्यायचं नाही, असंच ते नाव होतं.

मी ते इथं लिहीत नाही. ते ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर ते एकटे उभे होते. तुमच्यासमोर मी त्यांना पुन्हा तसं उभं करणार नाही.

बॅटवाल्यानं मानेनं आम्हाला जायला सांगितलं. सरांनीही तशीच मान हलवली, तास संपल्यावर हलवायचे तशी. आम्ही चाललो. मला वाटत होतं मागून आवाज येईल. कसला, ते मनात येऊ देत नव्हतो. वळणावर लुचिया थांबली आणि आम्ही मागं बघितलं.

त्यांनी सरांची पिशवी उलटी केली होती. डबा, खडू, पुसायचं फडकं जमिनीवर. बॅटवाल्याच्या हातात नकाशा उघडा होता आणि तो काहीतरी विचारत होता. आणि सर, माझा विश्वास बसत नव्हता, नकाशावर बोट ठेवून सांगत होते. लांबून शब्द ऐकू येत नव्हते. पण बोट कसं फिरतंय ते मी ओळखलं. ते नदीचं वळण दाखवत होते.

लुचियाच्या दारात आम्ही उभे राहिलो. तिच्या आईनं आत ओढलं तरी ती आत जाईना. मग सर वळणावर दिसले. चालत येत होते. चष्म्याची एक काडी कानावरून सुटलेली, पिशवी रिकामी. कुणी हात लावला नाही, म्हणाले. नकाशा त्या लोकांकडंच राहिला.

ते पायरीवर बसले. पाण्याचा ग्लास त्यांना धरता येईना, लुचियाच्या आईनं तो धरून पाजला. थोड्या वेळानं माझ्याकडं बघून म्हणाले, "मी भित्रा माणूस आहे रे." नेहमीसारखं हसून म्हणाले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या शर्टाची बाही धरली.

लुचियाला मी विचारलं, तू का खरं नाव सांगितलं नाहीस, तुझं तर चाललं असतं. ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर पुढचा नंबर सरांचा होता." उजेड होता तोवरच घरी परतलेल्या तिच्या वडिलांनी मागच्या गल्लीनं आधी सरांना, मग मला स्कूटरवरून बाहेर काढलं. स्कूटरवर बसताना सरांनी गल्लीची दोन्ही टोकं बघितली. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा ते आले नाहीत. ऑफिसात सांगितलं, तास दुसऱ्यांना दिलेत, त्यांनीच नको म्हणून कळवलं. फोन बंद. कुणी म्हणालं बहिणीकडं गेले, कुणी म्हणालं दुसऱ्या गावी शाळेत लागले. नवे सर चांगले आहेत, पोर्शन वेळेत संपवतात. हजेरी आडनावानं घेतात. चौकटीवर खडूचे ठिपके अजून आहेत. हजेरी सुरू होण्याआधी वर्ग क्षणभर गप्प होतो. नव्या सरांना वाटतं, शिस्त आहे.

मला मात्र त्या नकाशाचं राहून राहून वाटत होतं. सर परत आले तर त्यांच्या पिशवीत तो असायला हवा. एका दुपारी मी त्या गल्लीत गेलो. धीट झालो म्हणून नाही. दोनदा तोंडाशी जाऊन परत फिरलो होतो.

गल्लीत पोरं खेळत होती, भाजीचा गाडा उभा होता. एका छोट्या दुकानात तोच बॅटवाला बसला होता, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत. हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी न थांबता पुढं जाणार होतो.

"ए, पॅट्रिक," त्यानं हाक मारली.

माझे पाय तिथंच राहिले. तो उठला, फळीवरच्या खोक्यामागून नकाशा काढला. नीट गुंडाळलेला, वर रबर लावलेलं. "मास्तरला दे," तो म्हणाला. मी सांगितलं, सर आता येत नाहीत. तो नकाशा हातात तसाच धरून उभा राहिला. आम्ही त्यांना काही केलं नाही, असं म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला. मी नुसता मान हलवत होतो. मग नकाशा माझ्या हातात देताना त्यानं विचारलं, "तुझं खरं नाव काय रे?"

उत्तर द्यायला हवंच असं नव्हतं. बॅट नव्हती, पोरं खेळत होती, मी निघून जाऊ शकत होतो. पण मी सरांसारखं सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. आवाज कापला, पण पूर्ण सांगितलं. आणि सवयीनं विचारलं, "आणि तुमचं?"

त्यानं आधी दुकानाच्या बाहेर डोकं काढून गल्लीच्या एका टोकाकडं बघितलं, मग दुसऱ्या. मग माझ्याकडं बघून, हळू आवाजात, आपलं नाव सांगितलं.